सोबतीला आणलेला माणूस

कवळीवाला दिसायला साधा, बोलायला कमी आणि कामात एक नंबर. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन त्याच्याकडे पाठवायचे. तो प्लास्टरचा साचा ओतायचा, त्यावर मेण चढवायचा, एकेक दात बसवायचा आणि कवळी घासूनपुसून परत पाठवायचा. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं. त्याचं खरं नाव फक्त लाइटच्या बिलावर होतं. बाकी सगळे कवळीवालेच म्हणायचे.

त्याचं वर्कशॉप हेडसरांच्या घरात, खालच्या मजल्यावर. जगाच्या दृष्टीने तो सरांचा भाडेकरू. एकोणीस वर्षांचा भाडेकरू, ज्याच्याकडे सरांनी कधी भाडं मागितलं नाही आणि ज्याचं अंथरूण खालच्या मजल्यावर कधी पडलं नाही. जिना घराच्या आतून होता, हे एक बरं होतं. रस्त्याने जायची वेळ आली की सर चार पावलं पुढे आणि हा चार पावलं मागे. बाहेर ‘सर, तुम्ही’, दार लावलं की ‘अरे, तू’. एकोणीस वर्षांत एकदाही चूक झाली नाही. कोणाला कसली शंकासुद्धा आलेली नाही, अशी दोघांची पक्की खात्री होती.

लग्नाचं सरांनीच काढलं, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे तुम्ही त्यांना शिव्या द्याल. खुशाल द्या, पण हे धरून द्या. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, “एक देश आहे. तिथे आपल्यासारख्यांची लग्नं नगरपालिकेत लावून देतात. बाहेरून आलेल्यांचीसुद्धा. कागद आधी पाठवायचे, तारीख घ्यायची आणि जायचं.”

कवळीवाल्याचा घास हातातच राहिला. “आणि लोक?”

“लोकांना कोण सांगतंय? आणि शाळा सुटली आता माझी. माझं कोण काय वाकडं करणार?”

पाच महिने फॉर्म भरण्यात गेले. सर रोज चष्मा पुसून बसायचे आणि मोत्यासारख्या अक्षरात एकेक रकाना भरायचे. तारीख मिळाली ती गुरुवारची, सकाळी अकराची. नात्यात सांगितलं, डोंगरावरच्या एका केंद्रात गुडघ्यांच्या उपचारांना जातोय. कवळीवाल्याने वर्कशॉपच्या दाराला ‘आठ दिवस बंद’ अशी पाटी लावली. त्याला पाटी लावतानासुद्धा हसू येत होतं. चोपन्न वर्षांचा घोडा, पण मनातून उड्या मारत होता.

शनिवारी पोचले. तळ्याकाठचं गाव, स्वच्छ रस्ते, तीन मजली गेस्ट हाउस. मालकीण पन्नाशीची, जाडजूड, समोरच्या दोन दातांत फट असलेली. तिने दोघांचे पासपोर्ट बघितले, हसली आणि वरच्या मजल्यावरची तळ्याकडची खोली उघडून दिली. एकच मोठा पलंग. त्यावर टॉवेलांचे दोन राजहंस आणि एक कार्ड, त्यात दोघांची नावं शेजारी शेजारी. सरांनी कार्ड तीनदा वाचलं. आधी स्पेलिंग तपासलं, मग डोळे पुसले. कवळीवाल्याने ते बघितलं आणि तो खिडकीतून तळं बघत राहिला. दोघंही एकाच वेळी रडले तर सावरायचं कोणी?

फिरायला निघाले तर सर आपले सवयीने चार पावलं पुढे. हा मागे. तीन रस्ते असेच गेले. मग समोरून दोन म्हातारे आले, ऐंशीच्या घरातले, एकमेकांचा हात धरून. एकाच्या दुसऱ्या हातात कुत्र्याचा पट्टा होता. त्यांच्याकडे कोणी मान वळवूनही बघत नव्हतं, कुत्र्याचे मात्र दोन पोरींनी लाड केले. सर थांबले. मागे वळून न बघताच त्यांनी हात मागे केला. कवळीवाल्याला आधी वाटलं, छत्री मागताहेत.

रविवार सगळा तसाच गेला. हातात हात घेऊन बाजार, हातात हात घेऊन नाव, हातात हात घेऊन औषधाचं दुकान. “अरे, किती घामट आहे तुझा हात,” सर म्हणाले, पण सोडला नाही. आयुष्यात त्याला मिळालेला तो एक अख्खा दिवस. तुम्हाला कमी वाटेल. त्याला वाटला नाही.

सोमवारी सकाळी ते नावेच्या धक्क्यावर तिकिटाच्या रांगेत होते. मागून आवाज आला.

“धाकट्या? तूच ना रे?”

तापलेला तवा सोडावा तसा सरांनी हात सोडला.

मागे अकरा म्हातारी माणसं उभी होती, सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या. सगळ्यांत पुढे वहिनी. सरांच्या थोरल्या भावाची बायको, आता विधवा, वय सत्तर. सरांची आई गेली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, आणि त्याच वर्षी या वहिनी अठराव्या वर्षी लग्न होऊन घरात आल्या. त्यांनीच दिराला न्हाऊमाखू घातलं, अभ्यासाला बसवलं, प्रसंगी बदडलं. अख्ख्या शाळेला धाकात ठेवणारा हा माणूस जगात भ्यायचा तो एकट्या वहिनींना. दोन गल्ल्या सोडून राहायच्या. त्यांच्या तोंडातल्या वरच्या-खालच्या दोन्ही कवळ्या कोणी केल्या ते सांगायला नको.

“वहिनी, तुम्ही इथे?”

“का, मी येऊ नये? ज्येष्ठांची सहल आहे आमची. तू तर गुडघ्यांच्या उपचाराला गेला होतास.”

“हो. म्हणजे तिथे जागा नव्हती. म्हटलं, हवापालट तरी करू.”

“बरं केलंस. आणि हे इकडे कसे?” वहिनींनी कवळीवाल्याकडे बघितलं.

आता बघा. चार बाकं सोडून दोन बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून बसल्या होत्या, तिकीट देणाऱ्याच्या खिडकीवर सप्तरंगी झेंडा लावलेला होता, आणि गुरुवारी लग्न होतं. एक वाक्य बोलायचं होतं. लांबलचक नको, तीन शब्दांचं चाललं असतं.

“हे होय?” सर म्हणाले. “यांना सोबतीला आणलंय. गुडघ्यांमुळे मला एकट्याला झेपत नाही. बॅगा उचलायला, औषधं वेळेवर द्यायला. माणूस भरवशाचा आहे.”

वहिनी थोडा वेळ दोघांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली आणि कवळीवाल्यापुढे धरली. “मग धरा हो जरा. खांदा भरून आलाय माझा.”

त्याने धरली. काय करणार? त्याने सरांकडे बघितलं, तर सर तळ्याकडे बघत होते.

त्यांच्या सहलीतल्या दोघांनी ऐनवेळी पाय मागे घेतला होता, त्यामुळे बसमध्ये दोन जागा रिकाम्या होत्या. वहिनी म्हणाल्या, एकटा कशाला फिरतोस, चल आमच्याबरोबर. सरांच्या तोंडून ‘नाही’ निघालं नाही. वहिनींपुढे ते कधीच निघालेलं नव्हतं. सर वहिनींच्या शेजारी पुढच्या सीटवर बसले, डोक्यावर पिवळी टोपी आली. कवळीवाला मागे, सगळ्यांच्या कोटांच्या ढिगाशेजारी.

संध्याकाळी खोलीत आल्यावर तो म्हणाला, “हे काय केलंस तू?”

“मग काय सांगायला हवं होतं? तिथे, धक्क्यावर, अकरा माणसांपुढे?”

“काहीच नाही सांगायचं. मित्र म्हणायचं. भाडेकरू तर आहेच मी, त्यांना ठाऊक आहे. नोकर कशाला केलंस?”

सर पलंगाच्या कडेला बसून गुडघे चोळत होते. “तोंडातून गेलं. आता फिरवता येणार नाही. तीन दिवसांचा प्रश्न आहे रे. शुक्रवारी त्या लोकांना पुढच्या गावी जायचंय.”

“आणि गुरुवार?”

“गुरुवार गुरुवारच आहे. त्याला मी हात लावू देणार नाही कोणाला.”

एवढ्यावर कवळीवाला विरघळला. माणूस विरघळायचं ठरवूनच बसलेला असेल तर ऊन लागत नाही. पण सरांचं अजून संपलं नव्हतं. वहिनींना उद्या खोली बघायची होती. तेव्हा मालकिणीला सांगून एक वेगळी छोटी खोली घ्यावी, नावापुरती, कसं?

नावापुरती खोली तळमजल्यावर होती, धुण्याच्या मशीनशेजारी. किल्ली देताना मालकिणीने कवळीवाल्याला बाजूला घेतलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, “त्यांनी तुम्हाला मारलं का?” तो नाही म्हणाला. “तुम्हाला मदत हवी आहे का? आमच्याकडे फोन नंबर असतो.” नाही, तसं काही नाही. “मग भांडण?” भांडणही नाही. त्या बाईला काहीच कळेना. तिच्या देशात जी गोष्ट लपवावी लागत नाही, ती हा तिच्याच देशात येऊन लपवतोय, हे तिला कसं समजावणार? तिने आणखी एक उशी आणून दिली. चांगुलपणा कधी कधी फार टोचतो.

मंगळवारी वहिनींनी त्याला पुरता कामाला लावला. पाण्याच्या बाटल्या भरून आणा. पायऱ्या चढताना हात द्या, मला नको, त्या काकूंना द्या. माझी शाल बसमध्ये राहिली, पळत जा. एक रिटायर झालेले इंजिनिअर होते, त्यांनी मोबाइल हातात दिला आणि सांगितलं, सगळ्यांचा फोटो काढा. त्याने काढला. मध्ये सर, शेजारी वहिनी, मागे तळं. मग दुसऱ्याचा मोबाइल, मग तिसऱ्याचा. अकरा मोबाइलमध्ये सर हसत होते. प्रत्येक काम सांगितलं की वहिनी सरांकडे वळून बघायच्या. कवळीवाल्याला वाटलं, दिराची परवानगी घेताहेत. सर मान हलवायचे. “जा हो, आणा पटकन.”

जेवायला उतरले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “टेबल बाराचंच आहे. कवळीवाले, तुम्ही तिकडे ड्रायव्हरबरोबर बसा. बसाल ना?” आणि पुन्हा सरांकडे बघितलं. सर मेनू वाचत होते. मेनू त्यांना येत नसलेल्या भाषेत होता.

ड्रायव्हर हा तिथलाच मनुष्य, दाढीवाला, गप्पिष्ट. सूप पिता पिता त्याने मोबाइल काढून फोटो दाखवला. हा मी, हा माझा नवरा, ही आमची मांजर. तुमचं लग्न झालंय का? कवळीवाला म्हणाला, “परवा आहे. गुरुवारी.” ड्रायव्हरने टाळी दिली, दोन कॉफ्या मागवल्या आणि विचारलं, कुठे आहे ती? ‘ती’ नाही, ‘तो’, असं सांगितल्यावर तर तो आणखीच खूश झाला. कुठे आहे, कुठे आहे?

कवळीवाल्याने बोटाने दाखवलं. बाराच्या टेबलावर पाठमोरे सर बसले होते, वहिनींना पाणी ओतून देत होते. ड्रायव्हरने त्या पाठीकडे बघितलं, मग याच्या मांडीवरच्या कोटांकडे. मग त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि आपली कॉफी संपवली.

बुधवारी दुपारी हद्द झाली. देवमाणूस असलेल्या एका काकूंनी, खरंच भल्या बाई त्या, बसमधून उतरताना एक नोट घडी करून कवळीवाल्याच्या खिशात सारली. “राहू द्या. तुम्हाला चहापाण्याला. किती राबताय बिचारे.” त्याने ती काढून परत द्यायला हात पुढे केला. काकू ऐकेनात. वहिनी बघत होत्या. सर बघत होते. सगळा जमाव थांबला.

“घ्या हो,” सर म्हणाले. “नाही घेतलंत तर त्यांना वाईट वाटेल.”

त्याने नोट खिशात टाकली आणि “थँक्यू काकू” म्हणाला. शिकलेल्या माणसाने एवढ्यावर बॅग भरली असती. याने नाही भरली. गुरुवार फक्त एक रात्र लांब होता, आणि एकोणीस वर्षं थांबलेल्याला एक रात्र म्हणजे काय?

संध्याकाळी सरांनी बेत समजावून सांगितला, वेळापत्रक लावतात तसा. उद्या सहल टेकडीवर जाणार, तारेवरच्या डब्यातून. बस साडेनऊला निघेल. तू दहाला नगरपालिकेत जाऊन बस. मी टेकडीच्या पायथ्याशी म्हणेन की गुडघा दुखतोय, तुम्ही वर जा, मी इथेच बसतो. टॅक्सीने दहा मिनिटं. पावणेअकराला तुझ्याजवळ.

“येशील ना?”

“अरे, मीच काढलं ना लग्नाचं?” सर म्हणाले आणि त्याच्या केसांतून हात फिरवला.

गुरुवारी सकाळी कवळीवाला इस्त्रीचा शर्ट घालून सहलीच्या हॉटेलवर पिशव्या बसमध्ये चढवत होता. सर आधीच खिडकीजवळ जाऊन बसले होते. वहिनी लॉबीतून हाक मारत आल्या. “कवळीवाले, खालची कवळी टोचतेय. दोन दिवस झाले, घास चावत नाही. काही करता का?”

कानस, सँडपेपर, निळी पेन्सिल अशी छोटी थैली त्याच्या खिशात कायम असायची. त्याने वहिनींना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं, हात धुऊन आला, तोंड उघडायला सांगितलं. डाव्या बाजूला हिरडीवर लाल चट्टा उठला होता. त्याने तिथे पेन्सिलीचा ठिपका दिला, कवळी बसवून बघितली, काढली. ठिपका कडेवर उमटला होता. तो कानशीने तेवढीच कड घासू लागला. वहिनी तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. अर्ध्या बोळक्या तोंडाने, अगदी सावकाश त्या म्हणाल्या, “आज अकराला ना?”

त्याचा हात थांबला.

“घासा, घासा. थांबू नका.”

“काय अकराला?”

“ह्यांच्या पेन्शनचे कागद धाकट्याच्या कपाटात असतात. दोन महिन्यांपूर्वी काढायला गेले. एकेक फाइल अशी नीट लावलेली. एकीवर लिहिलेलं, सुंदर अक्षरात, ‘विवाह – स्वतःचा’. एवढा मोठा हेडमास्तर, जगापासून लपवायचं आणि वर फायलीला नाव द्यायचं. गाव, तारीख, वेळ, सगळं त्यात. मग मी शोधून काढली सहल, ह्याच आठवड्यात ह्याच गावाला येणारी.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“मला? अहो, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. एकोणीस वर्षं. ह्यांनासुद्धा माहीत होतं. जाताना म्हणाले होते, भाडेकरू चांगला मिळालाय त्याला. तुम्हीच दोघं शहाणे, मांजरासारखे डोळे मिटून दूध पिताय.”

कवळीवाल्याने कवळी खाली ठेवली. “मग पहिल्याच दिवशी का नाही बोललात? मला पिशव्या उचलायला लावल्यात.”

“मी का बोलू? बोलायचं त्याने. या हातांनी न्हाऊ घातलं त्याला. त्याचं लग्न आहे हे मला कपाटातल्या फायलीवरून कळावं? म्हटलं, बघू या, तोंडाने सांगतो का. पिशवी दिली, नाही बोलला. मागे बसवलं, नाही बोलला. ड्रायव्हरच्या पंगतीला धाडलं. काल ती नोट. मला वाटलं, आता तरी म्हणेल, वहिनी, पुरे करा, हा माझा माणूस आहे. तेवढं ऐकलं असतं ना, तर मी स्वतः तुमच्या दोघांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या असत्या.”

“आणि माझं काय होत असेल, याचा विचार?”

वहिनींनी पदर खाली घेतला. खालच्या दातांशिवाय त्या फार म्हाताऱ्या दिसत होत्या. “तुमचं वाईट वाटलं. खोटं नाही बोलणार. पण मी तुमच्यासाठी आले नव्हते.”

त्याने कड सँडपेपरने गुळगुळीत केली, धुतली आणि कवळी त्यांच्या हातात दिली. वहिनींनी ती बसवली, दोनदा दात आपटून बघितले. “आता नाही टोचत. जा, बसमध्ये बसलाय तो. सांगा त्याला, वहिनीला सगळं ठाऊक आहे. टुणकन उडी मारून उतरेल. लागेल तुमचं लग्न.”

तो बसकडे गेला. खरंच गेला. खिडकीशी उभा राहिला तेव्हा वाक्य जिभेवर तयार होतं. सरांनी काच बोटभर सरकवली आणि कुजबुजले, “दहाला जाऊन बस. येतोच मी.” मग मागच्या सीटवर कोणीतरी हललं, आणि सरांचा आवाज लगेच बदलला. “अहो, त्या दुपारच्या गोळ्या पिशवीत ठेवल्यात ना?”

कवळीवाल्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. एक शब्द सांगितला असता तर हा माणूस त्याच क्षणी खाली उतरला असता, आनंदाने, सगळ्यांदेखत. आणि उरलेलं आयुष्य याला कळलं नसतं की तो कशासाठी उतरला.

“ठेवल्यात, सर,” तो म्हणाला.

बस गेली.

नगरपालिकेची ती खोली छान होती. उंच खिडक्या, वीसेक खुर्च्या, एक लांब टेबल. अधिकारी बाई चष्मेवाल्या, आवाज मऊ. त्यांनी फाइल उघडली, सरांचं अक्षर बघून “किती सुंदर” म्हणाल्या आणि अंगठ्यांचं विचारलं. त्याने डबी काढली. अंगठ्या त्यानेच ओतल्या होत्या, दातांच्या टोप्यांना वापरतात त्या धातूच्या, चार रात्री घासून. बाईंनी त्या उजेडात धरून बघितल्या.

त्यांच्या आधी दोन तरुण पोरींचं लग्न होतं. एक साक्षीदार ट्रेनमध्ये अडकला होता. पोरींनी कवळीवाल्याला विचारलं, तुम्ही सही कराल का? त्याने केली. पोरी हसल्या, रडल्या, एकीने त्याच्या गालाचा मुका घेतला आणि विचारलं, तुमचे ते कुठे आहेत? येतोय, तो म्हणाला. पावणेअकरा वाजले होते.

अकराला बाईंनी दोघांची नावं वाचली. नियमाप्रमाणे मोठ्याने. रिकाम्या खोलीत ती नावं पहिल्यांदाच कोणीतरी एका दमात घेतली. सव्वाअकराला त्यांनी घड्याळाकडे बघितलं. साडेअकराला पाण्याचा ग्लास आणून दिला आणि शेजारी बसल्या. “काही लोकांना भीती वाटते,” त्या म्हणाल्या. “इथे येऊनसुद्धा. आम्ही पावणेबारापर्यंत थांबू शकतो.” तो दाराकडे बघत होता. जिन्यावर पावलं वाजली की त्यात गुडघ्याची लंगड शोधत होता. पावणेबाराला बाईंनी फाइल मिटली. नवीन तारखेसाठी सगळे कागद पहिल्यापासून पाठवावे लागतील, असं सांगताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

सर रात्री नऊ वाजता गेस्ट हाउसवर आले. कवळीवाला वरच्या खोलीत पलंगावर बसला होता, अंगात तोच शर्ट. सरांनी दार लावलं, टोपी काढली आणि उभे राहिले.

“मारायचं तर मार मला,” ते म्हणाले.

त्याने अंगठ्यांची डबी खिशातून काढून पलंगावर ठेवली.

“निघणारच होतो रे. पायथ्याशी वहिनींनी आपणहून विचारलं, गुडघा दुखतोय का, बसतोस का इथे? मी म्हणालो, छे, ठणठणीत आहे. का म्हणालो, देव जाणे. वर गेल्यावर परत विचारलं, कुठे जायचंय का तुला, घड्याळ कशाला बघतोस सारखा? तेव्हासुद्धा नाही म्हणालो. त्यांच्या तोंडाकडे बघितलं की मी नऊ वर्षांचा होतो.” ते शेजारी येऊन बसले आणि त्याचा हात धरला. “पुढच्या वर्षी येऊ. मी आजच नवे फॉर्म भरायला घेतो. कोणाला पत्ता लागणार नाही बघ.”

“वहिनींना माहीत आहे,” कवळीवाला म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“सगळं. एकोणीस वर्षं. गल्लीलाही माहीत आहे. तुझ्या भावाला माहीत होतं. लग्नाची फाइल त्यांनी बघितली होती, म्हणून तर त्या इथे आल्या. तू सांगतोस का ते बघायला.”

सर आधी हसले, मग हसायचे थांबले. हळूहळू त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरत गेलं. चेहरा मोकळा झाला. पहिल्या दिवशी याच खोलीत ते कार्ड वाचताना झाला होता तसा. “म्हणजे भ्यायचं काही कारणच नव्हतं,” ते म्हणाले. “कधीच नव्हतं. अरे, मग आज आपण... तुला कधी सांगितलं त्यांनी?”

“सकाळी. बस सुटायच्या आधी.”

“सुटायच्या आधी?” सरांनी हात सोडला नाही, पण पकड सैल झाली. “तू खिडकीपाशी आला होतास.”

“हो.”

“तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस? एक शब्द बोलायचा होतास, मी तिथल्या तिथे उतरलो असतो. आलो असतो मी.”

“म्हणूनच नाही बोललो,” कवळीवाला म्हणाला. “सांगितलं असतं, तर तू आला असतास.”

सरांच्या हातातून त्याने आपला हात काढून घेतला. मग कवळीवाला उठला, आणि खालच्या खोलीत झोपायला निघून गेला.